'महिलांनी पाणी बेताने प्यावे' – का म्हणून?

यंदा कळसूबाईच्या चढाईला निघण्याआधी आमच्या हाती एक छापील सूचनापत्रक पडले. डोंगरावर सहली नेणाऱ्या एका मंडळींचे. बूट कसे असावेत, पाठीवरच्या पिशवीत काय असावे, सगळे नीट लिहिले होते. चौथी सूचना अशी : 'प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी सोबत ठेवावे व थोडे थोडे पीत राहावे.' आणि अगदी शेवटी, चौकटीत : 'वाटेत सोय नसल्याने महिलांनी पाणी बेताने प्यावे.'

म्हणजे 'प्रत्येक' या शब्दात बाई बसत नाही. तिच्यासाठी वेगळी चौकट आहे, आणि त्या चौकटीत तहान आहे.

वैजापूर तालुक्यात आम्ही बायकांचे गट चालवतो. वर्षातून एकदा आम्ही सगळ्याजणी मिळून एखादा डोंगर चढतो. शेतमजूर, अंगणवाडीच्या मदतनीस, शिक्षिका, दोन-तीन आज्ज्यासुद्धा. यातल्या बहुतेकजणी लग्न, मयत आणि देवदेव सोडून कधी घराबाहेर पडलेल्या नसतात. कुणाचे तरी काम नाही, कुणाची सेवा नाही, केवळ स्वतःसाठी चालायचे, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असते. त्या दिवशीही त्यांनी घसा कोरडा ठेवून चालावे, असे हे पत्रक सांगते. म्हणून हा लेख.

ही सूचना आपल्याला नवी नाही. एस.टी.चा लांबचा प्रवास असो, लग्नाचे वऱ्हाड असो, ऊसतोडीचा फड असो की मोर्चा असो – आदल्या संध्याकाळपासून बायका पाणी तोडतात. आईने मुलीला शिकवलेले असते. पुढे पुढे तर त्याचा अभिमान वाटू लागतो. 'सकाळपासून घोटभर प्यायले नाही, मला लागतच नाही बाई!' असे आपणच एकमेकींना सांगतो. मैत्रिणींनो, ही तपश्चर्या नाही. लघवीला जायला जागा नाही म्हणून शरीराला लावलेली ही शिस्त आहे. लघवी दाबून ठेवणे आणि पाणी न पिणे, या दोन्हींची किंमत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि मूतखडा या रूपाने आपणच मोजतो. गैरसोय त्यांनी ठेवायची आणि आजार आपण काढायचा!

डोंगरावर ही शिस्त आणखी महाग पडते. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. बारी गावापासून चढ सुरू होतो, वर लोखंडी शिड्या आहेत. उन्हात घाम गळतो, पाणी जाते, पाय वळतात. पण आता आपल्या तालुक्यातून केदारनाथ-अमरनाथलाही गाड्या भरून जातात. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथली हवा विरळ, थंड आणि कोरडी. श्वास जलद चालतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर अंगातले पाणी बाहेर पडते. घाम आला तरी लगेच सुकतो, म्हणून कळत नाही. थंडीत तहानही नीट लागत नाही. अशा ठिकाणी मुळातच पाणी तोडून आलेली बाई चढू लागते. डोके दुखते, मळमळते, गरगरते. उंचीचा त्रास झाला तरी हीच लक्षणे, पाणी कमी पडले तरी हीच. मग नेमके काय झाले ते ओळखायचे कसे? उंचीचा त्रास पाण्याने टळत नाही. त्यावर उपाय म्हणजे सावकाश चढणे, थांबणे आणि त्रास वाढला तर ताबडतोब खाली उतरणे. पण ती पहाटे चारपासून प्यायलेली नाही, हे कुणी विचारतच नाही. 'बायकांना झेपत नाही' असा निकाल मात्र लगेच लागतो!

झेपत नाही? जपानच्या जुन्को ताबेई १९७५ साली एव्हरेस्टवर पोचल्या, बचेंद्री पाल १९८४ साली आणि आपल्या औरंगाबादच्या मनीषा वाघमारे २०१८ साली. बाईचे पाय डोंगराला कमी पडत नाहीत. कमी पडते ती वाटेवरची व्यवस्था.

आमच्या बैठकीत एका कार्यकर्तीने विचारले, 'आपल्याकडे टँकरची वाट बघत बायका रात्री जागतात आणि आपण डोंगरावरच्या बाटल्यांचे काय बोलतो? हा शहरी बायकांचा छंद नाही का?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच डोंगरात आहे. कळसूबाईच्या रांगेला लागून उत्तरेला इगतपुरी तालुका. तिथल्या मुकणे, भावली, भाम, वाकी या धरणांचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याने आपल्या वैजापूर-गंगापूरला यायचे असते. ते किती आले, कधी आले, यावर आपल्याकडे आंदोलने होतात. पण ज्या डोंगरात हा पाऊस पडतो, त्या इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन दऱ्या उतरतात आणि भरल्या हंड्यांनी वर चढतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून बायका पाणी आणत होत्या. गाजावाजा झाल्यावर २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल झाला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचे म्हटले होते. हंडाभर पाणी म्हणजे बारा-पंधरा किलोंचे ओझे, हे एकदा मनात धरा आणि ५५ लिटरचा हिशेब करा.

पाठीवर तीन लिटर घेऊन चढणाऱ्याला आपण गिर्यारोहक म्हणतो, त्याच्या सहनशक्तीचे कौतुक करतो. डोक्यावर पंधरा लिटर घेऊन रोज दोनदा चढणारी मात्र 'पाण्याला गेली' एवढेच! त्या पाण्यातले तिच्या स्वतःच्या वाट्याला किती येते? घरात सगळ्यांचे झाल्यावर उरेल तेवढे. पाणी आणणारी बाई आणि पाणी तोडणारी बाई एकच आहे. म्हणून टँकरचा प्रश्न आणि डोंगरवाटेवरचा प्रश्न वेगळे नाहीत.

आता शुद्ध पाण्याचे बघू. हिमालयातला वितळलेल्या बर्फाचा ओढा असो की आपल्याकडचा झरा, पाणी नितळ दिसते म्हणून ते पिण्याजोगे नसते. वर खेचरे चालतात, गुरे चरतात, माणसे बसतात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी आधी कापडातून गाळावे आणि मग उकळावे. उंचावर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, साडेतीन हजार मीटरवर साधारण ८८ अंशांना. तरी जंतू मरतात, फक्त वेळ वाढवावा लागतो. खळखळून उकळी फुटल्यावर एरवी एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे. क्लोरीनचे थेंब किंवा गोळी वापरली तर बाटलीवरचे प्रमाण पाळून किमान अर्धा तास थांबावे. गार पाण्यात त्याहून जास्त. जुलाब लागलेच तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आणि नुसते पाणी ढोसणेही बरे नाही, त्याने अंगातले मीठ कमी होते. थोडे थोडे प्यावे, सोबत खारे काहीतरी खावे. लघवी गडद पिवळी झाली की समजावे, पाणी कमी पडते आहे.

हे सगळे पुस्तकात मिळेल. पुस्तकात नसते ते हे, की उकळायला स्टोव्हपाशी कोण बसणार? मिश्र गटाच्या मुक्कामावर आम्ही पाहिले आहे : पुरुष नकाशा पाहतात, बायका पाणी उकळतात, बाटल्या भरतात आणि शेवटी स्वतः निम्मी बाटली घेऊन निघतात. घरातली चूल डोंगरावरही आपल्या मागोमाग आली, तर घर सोडून मिळवले काय?

कळसूबाईची लोककथा या बाबतीत मोठी बोलकी आहे. कळसू ही कोळ्याची पोर. इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून – भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तिला तेच काम सांगितले. तिने ते केले आणि सरळ डोंगरावर निघून गेली, पुन्हा खाली आली नाही. तिने भांडी घासली ती जागा लोक आजही थाळेमेळ म्हणून ओळखतात. नवरात्रात आपण तिची ओटी भरतो. तिची अट मात्र कुणी आठवत नाही! अट मोडली की काम सोडून जाणाऱ्या पोरीच्या डोंगरावर आपण 'बेताने प्या' ही आज्ञा निमूट ऐकायची?

सहलवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे : 'डोंगरावर सोय अशक्य आहे.' चार काठ्या आणि एक जुने लुगडे म्हणजे आडोसा होतो. झऱ्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खड्डा आणि वर माती. त्यासाठी वाटेत ठरावीक ठिकाणी सगळ्यांनीच दहा मिनिटे थांबायचे. हे अशक्य नाही. ते कुणाला सुचलेले नाही, कारण पुरुषांना आडोसा लागत नाही. मुंबईत २०११ पासून बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली, तेव्हाही आधी लोक हसलेच होते.

म्हणून आम्ही ठरवले आहे. ज्या पत्रकात बायकांना पाणी कमी प्यायला सांगितले असेल, त्या सहलीला आमच्या गटातली एकही बाई जाणार नाही. पैसे भरण्याआधी आम्ही तीन प्रश्न विचारणार : आडोसा कुठे कुठे आहे? पाणी कोण उकळणार? मागे राहणाऱ्या बाईसाठी कोण थांबणार? यात्रेच्या गाड्या नेणाऱ्यांनाही हेच विचारायचे. ज्या पाड्यावर मुक्काम करू, तिथे पाणी किती लांबून येते ते आधी विचारायचे, आणि तिथल्या बायकांच्या हंड्यातले पाणी फुकट प्यायचे नाही. हंडा भरायला त्यांच्याबरोबर जायचे. त्यांच्या नळाच्या मागणीच्या अर्जावर सह्या करायच्या.

आपापल्या गटात हे वाचा, यावर भांडा, तुमचे अनुभव लिहून पाठवा. आणि पुढची बैठक सुरू होण्याआधी प्रत्येकीने पेलाभर पाणी प्या. संडासाची किल्ली कुणाकडे आहे, ते आधी विचारून ठेवा!