सॅम फिशरला उजेडात कोणी आणलं?

'स्प्लिंटर सेल' म्हटलं की लोक हेर सॅम फिशरच्या त्या तीन हिरव्या दिव्यांच्या चष्म्याचंच कौतुक करतात. अहो, चष्मा राहू द्या, अंधाराचं बोला! २००२च्या पहिल्या भागात गोळ्या मोजक्याच, अंधार हेच चिलखत. दिवा फोडायचा आणि भिंतीला चिकटून थांबायचं. २००५च्या 'केऑस थिअरी'त तर आवाजाचं मापकही आलं. आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा तुमचा आवाज कमी, तर पहारेकऱ्याला पत्ता नाही. जनरेटरच्या घरघरीत बिनधास्त चाला, शांत खोलीत मात्र मुंगीच्या पावलांनी. याला म्हणतात खेळ!

आणि २०१०चं 'कन्व्हिक्शन'? मापकं गेली. लपलात की पडदा काळा-पांढरा होतो, बस्स. पडलेला गडी उचलून लपवणं गेलं. एकाला हाताने लोळवा, बाकीच्यांवर खुणा करा, बटण दाबा, सगळे आडवे! म्हणे वेग हवा. अरे, वेगासाठी बाकीचे गेम काय कमी होते? वाट बघता येणारे आम्हीच तेवढे नकोसे झालो?

२०१३च्या 'ब्लॅकलिस्ट'ने गडी उचलणं परत दिलं, मान्य. पण मायकल आयर्नसाइडचा खरखरीत आवाज त्यात नव्हता, आणि ते मेलं एका बटणाचं हत्याकांड होतंच.