छोटे हॉटेल, बारमाही गिऱ्हाईक

१८४३ साली गोव्याची राजधानी झालेल्या पणजीत फोंतैन्हास हा जुना मोहल्ला आहे. तिथली काही पोर्तुगीजकालीन घरे आज छोटी हॉटेले आहेत. अशा एका घरात मुक्काम केला तेव्हा माझी व्यापारी नजर पडदे, चादरी, पलंगपोस यांवरच गेली. जुनी इमारत सांभाळायला सुतार, पॉलिशवाला, गवंडीही लागतोच. मोठ्या हॉटेलाची हजारोंची ऑर्डर आपल्या ऐपतीबाहेरची. छोटे हॉटेल मात्र माल थोडा पण खास मागते. तीच हुन्नराची कदर! सोलापुरी चादर आपली, इचलकरंजीचे कापड आपले, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पलही आपली. व्यापारी बंधूंनो, चार कारागीर मिळून नमुने घेऊन जा. दर्जा राखा, वायदा पाळा. नाहीतर इमारती कोकणपट्टीच्या आणि माल पानिपतचा, अशी गत व्हायची.