हेब्रॉनचे प्रवासी आणि त्यांचा उसासा

पॅलेस्टाइनमधील हेब्रॉन, म्हणजे अरबांचें अल-खलील, या प्राचीन नगरीस भेट देऊन आलेली मंडळी जीं वर्णनें ऐकवितात, त्यांविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. अब्राहामाच्या समाधीभोंवतालचा हेरोदकालीन चिरेबंदी तट पाहून ही मंडळी थक्क होतात आणि शेवटीं उसासा टाकून म्हणतात, "यहुदी-मुसलमानांचें वैर हजारों वर्षांचें, आपण काय बोलणार?" हा उसासा भूतदयेचा नव्हे, बुद्धीच्या आळसाचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९२९ च्या ऑगस्टांत येथें ६७ यहुद्यांची अमानुष कत्तल झाली, हें खरें. परंतु त्याच वेळीं कित्येक अरब कुटुंबांनीं यहुदी शेजाऱ्यांस घरांत लपवून वांचविलें, हेंही तितकेंच खरें. वैर जन्मजात असतें, तर हीं दारें उघडलीं असतीं काय?

१९६७ सालीं इस्रायलनें शहर व्यापलें आणि पुढें सैन्याच्या पहाऱ्यांत यहुदी वसाहती उभ्या राहिल्या. २५ फेब्रुवारी १९९४ रोजीं अशाच एका वसाहतींत राहणाऱ्या बारूख गोल्डस्टीननें इब्राहिमी मशिदींत नमाज पढणाऱ्या २९ जणांस गोळ्या घालून ठार केलें. आणि दंड कोणास? शुहदा रस्ता बंद होत गेला तो पॅलेस्टिनींना! मशिदीची वांटणी झाली. १९९७ च्या करारानें शहराचीही झाली, आणि जुना भाग इस्रायली सैन्याच्याच ताब्यांत राहिला. सुरक्षिततेसाठीं हें केलें, असें सांगतात. पण कांहीं शें वसाहतवाल्यांच्या सुरक्षिततेसाठीं हजारों रहिवाशांनीं आपल्याच गल्लींत नाक्या-नाक्यावर झडती द्यावी, हा कोणता न्याय? बाजारावर ताणलेल्या जाळीचें छायाचित्र प्रवासी हौसेनें घेतो. वरच्या खिडक्यांतून फेकला जाणारा कचरा अडविण्यासाठीं ती बांधली आहे, हें जाणण्याची तसदी तो घेत नाहीं.

"आम्ही यात्रेकरू; आम्हांस राजकारण नको," असें कोणी म्हणेल. महाराज, परदेशी पारपत्राच्या बळावर आपण ज्या रस्त्यानें हिंडलांत, त्याच रस्त्यावर ज्याच्या बापाचें दुकान होतें त्यास पाऊल टाकण्याची मनाई आहे. राजकारण आपल्या पायांखालींच होतें!

पुराणांतील वैरास तारीख नसते. रस्ता बंद करणाऱ्या हुकुमास असते, आणि त्यावर कोणाची तरी सहीही असते. ती सही वाचावयाची नसेल, तर प्रवाशानें तटाचे चिरे मोजून गप्प बसावें. न्यायाधीशाचा आव आणूं नये.