बायबलमधील विसंगती : मोजणारे, मिटवणारे आणि वाचणारे

१/
नाताळ किंवा ईस्टर जवळ आला की बायबलमधील विसंगतींची एखादी यादी समाजमाध्यमांवर फिरू लागते. तिच्याखाली दोन तट पडतात. एक म्हणतो, ग्रंथ स्वतःशीच भांडतो, तेव्हा तो खोटा. दुसरा म्हणतो, विसंगती एकही नाही, तुम्हांला वाचता येत नाही. या थ्रेडमध्ये माझा वाद दोघांशीही आहे.

२/
मूळ प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. होय, बायबलमध्ये परस्परविरोधी विधाने आहेत. थोडीथोडकी नव्हेत आणि किरकोळही नव्हेत. ती नाकारणे म्हणजे पानावरची अक्षरे नाकारणे होय. मात्र ही विधाने सापडली की वाचन संपले, असे मानणारा मनुष्य इतिहासाच्या दारापर्यंत येऊन माघारी फिरतो. विसंगती हा अभ्यासाचा आरंभ आहे. का, ते पाहू.

३/
पहिल्या दोन अध्यायांपासूनच सुरुवात करा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग जलचर व पक्षी, मग भूचर आणि शेवटी स्त्री व पुरुष एकत्र निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात मात्र मनुष्य आधी घडतो. त्यानंतर बाग, मग पशुपक्षी आणि सर्वांत शेवटी स्त्री. दोन्ही क्रम एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

४/
आता मराठी बायबल उघडून एक गोष्ट स्वतः पडताळा. पहिल्या अध्यायात कर्त्याचे नाव 'देव' असे येते. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून ते 'परमेश्वर देव' होते. मूळ हिब्रूत पहिल्या ठिकाणी 'एलोहीम' आहे, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या जोडीला 'याहवे' हे विशेषनाम आले आहे. क्रम बदलतो तेथेच नाव बदलते आणि शैलीही बदलते. हा योगायोग नव्हे. येथे दोन कथनांचा सांधा आहे.

५/
हा सांधा ज्याने पद्धतशीरपणे दाखवला तो झाँ आस्त्र्युक हा फ्रेंच वैद्य होता. १७५३ साली त्याने आपला ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. धर्माचा पाडाव करणे हा त्याचा हेतू नव्हता. मोशेने जुनी टिपणे वापरली होती, एवढेच त्याला सिद्ध करायचे होते. पुढे १८७८ मध्ये युलिउस वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने या विचाराला प्रभावी रूप दिले. तपशिलांवर आजही वाद आहेत; परंतु ग्रंथ अनेक स्तरांचा आहे, ही गोष्ट विद्यापीठीय अभ्यासात सर्वसाधारणपणे मान्य आहे.

६/
नोहाच्या जलप्रलयात हे स्तर एकाच कथेत गुंफलेले दिसतात. एके ठिकाणी प्रत्येक जातीची एक जोडी तारवात घ्यायची आज्ञा आहे. पुढच्याच अध्यायात शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या सांगितल्या आहेत. एके ठिकाणी पूर ४० दिवसांचा, दुसऱ्या ठिकाणी पाणी १५० दिवस चढलेले. संपादकाला हे दिसले नसेल का? अवश्य दिसले असेल. तरी त्याने दोन्ही ठेवले. या कृतीचा अर्थ लावणे हेच आपले काम आहे.

७/
आता दावीदाकडे वळू. गल्याथाला कोणी मारले? शाळकरी पोरही सांगेल : दावीदाने, गोफणीने. १ शमुवेलच्या १७व्या अध्यायात तसेच आहे. पण २ शमुवेल २१:१९ मध्ये गल्याथाला मारण्याचे श्रेय बेथलेहेमच्या एलहानानला दिले आहे. आणि १ इतिहास २०:५ सांगते की एलहानानने मारला तो गल्याथाचा भाऊ, लहमी!

८/
हा 'लहमी' आला कोठून? हिब्रूत 'बेथलेहेमकर' या शब्दाच्या शेवटी 'लहमी' हीच अक्षरे येतात. 'इतिहास'काराने, किंवा त्याच्यासमोरच्या प्रतीने, त्या अक्षरांचे एक माणूस बनवले आणि दावीदाचा पराक्रम शाबूत ठेवला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे विसंगती मिटवण्याचा उद्योग आजच्या प्रवचनकारांनी सुरू केलेला नाही. तो बायबलच्या आतच सुरू झाला आहे.

९/
१६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतराने तर २ शमुवेलच्या वचनातच 'चा भाऊ' हे शब्द घातले. ते मुळात नाहीत हे भाषांतरकारांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी ते वेगळ्या टाइपात छापले. हा त्यांचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे. परंतु टाइपातला भेद कानाला ऐकू येत नाही. उपदेशपीठावरून ऐकणाऱ्या भाविकाला 'भाऊ'च ऐकू गेला.

१०/
याच दावीदाच्या शिरगणतीची कथा दोनदा येते. २ शमुवेल २४ मध्ये परमेश्वर कोपून दावीदाला लोक मोजण्यास प्रवृत्त करतो. १ इतिहास २१ मध्ये हेच काम सैतान करतो. इस्राएलचे योद्धे एकीकडे ८ लाख, दुसरीकडे ११ लाख. यबूसी माणसाचे खळे एकीकडे बैलांसह ५० शेकेल रुप्याला, दुसरीकडे ती जागा ६०० शेकेल सोन्याला.

११/
यादी करणारा येथे 'सापडला!' म्हणून टाळी वाजवतो. मेळ घालणारा म्हणतो, परमेश्वराने सैतानाकरवी करविले. आणि खळे वेगळे, सभोवतालची जमीन वेगळी. दोघांचेही एका प्रश्नाकडे दुर्लक्ष होते : हा बदल कधी झाला आणि का झाला? 'इतिहास' हा ग्रंथ बाबिलोनच्या बंदिवासानंतरचा आहे. मंदिर पुन्हा उभे राहिले होते, आणि परंपरेनुसार ते खळे हीच मंदिराची जागा होती.

१२/
अशा जागेची किंमत ५० शेकेल रुपे कशी चालेल? आणि जो देव लोकांना स्वतःच चिथावतो व मग त्यांना शिक्षा करतो, त्याची कल्पना या नव्या पिढीला सोसेना. म्हणून चिथावणीचे काम दुसऱ्याकडे गेले. दोन अध्याय शेजारी ठेवले की काही शतकांत एका समाजाची देवाविषयीची कल्पना कशी पालटली, ते डोळ्यांसमोर उभे राहते. ही विसंगती पुसून टाकलीत तर हा पुरावाही पुसला जातो.

१३/
सर्वच विसंगती अशा अर्थपूर्ण असतात असे नाही. अहज्या राजा गादीवर बसला तेव्हा २ राजे म्हणते तो २२ वर्षांचा होता. २ इतिहासाच्या प्रचलित हिब्रू पाठात वय ४२ आहे. त्याचा बाप नुकताच ४०व्या वर्षी वारला होता! पोरगा बापाहून दोन वर्षांनी थोरला. ही नकलकाराची चूक असावी. तिच्यावर धर्म पडतही नाही आणि उभाही राहत नाही.

१४/
गल्याथाची उंचीही अशीच. प्रचलित हिब्रू पाठात ती 'सहा हात व एक वीत' आहे, म्हणजे साडेनऊ फुटांच्या आसपास. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत जी हस्तलिखिते सापडली, त्यांतील शमुवेलच्या एका प्रतीत ती 'चार हात व एक वीत' आहे : साधारण साडेसहा फूट. ही प्रत त्या हिब्रू पाठाच्या उपलब्ध पूर्ण प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे. राक्षस लहान होत नव्हता. कथा वाढत होती, असे दिसते.

१५/
आता नव्या कराराकडे. मत्तयाच्या मते येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला. बहुतेक इतिहासकार हेरोदाचा मृत्यू इ.स.पूर्व ४ मध्ये धरतात. लूक हा जन्म क्विरीनिय सुरियाचा सुभेदार असताना झालेल्या नावनिशीशी जोडतो. यहुदी इतिहासकार योसेफसनुसार ती इ.स. ६ मधली ठरते. मधले अंतर दहा वर्षांच्या घरातले आहे. ही नकलकाराची चूक नव्हे. दोघांचा तपशील एकाच वेळी बरोबर असू शकत नाही.

१६/
म्हणून श्रद्धावान मित्रांना स्पष्ट सांगतो : 'ग्रंथातला प्रत्येक ऐतिहासिक तपशील अचूक आहे' हा दावा या पुराव्यापुढे टिकत नाही. त्या दाव्याचे आजचे काटेकोर रूप बरेच अलीकडचे आहे. १९७८ चे शिकागो निवेदन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तिसऱ्या शतकातील ओरिगेन हा ख्रिस्ती पंडित शुभवर्तमाने शब्दशः जुळत नाहीत हे मान्य करी, आणि तरीही ख्रिस्तीच राही.

१७/
परंतु यादीवाल्या मित्रांनो, तुमची उडीही लांबची आहे. मार्काच्या कथनात येशूचे शेवटचे जेवण हेच वल्हांडणाचे जेवण आहे. योहानात वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच त्याला वधस्तंभावर देतात, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जात त्या दिवशी. योहानाला येशू हा 'देवाचा कोकरा' म्हणून दाखवायचा आहे, हे लक्षात घेतले की हा फरक अर्थपूर्ण वाटू लागतो.

१८/
आता उरते काय ते पाहा. यरुशलेम, पिलाताची आज्ञा, शुक्रवार, वल्हांडणाचा सुमार : यांवर दोन्ही कथने एकमत आहेत. तिथीवर न जुळणारे दोन साक्षीदार घटनेवर जुळतात, तेव्हा इतिहासकाराचा विश्वास वाढतो. शब्दन् शब्द जुळला असता तर साक्ष पढवलेली आहे अशी शंका त्याला आली असती.

१९/
हे आपल्याला परके नाही. शिवाजी महाराजांचा जन्म बखरींच्या परंपरेने १६२७ मध्ये धरला जाई. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीने फेब्रुवारी १६३० ही तिथी पुढे आणली. वाद दीर्घकाळ चालला. पण 'साधने जुळत नाहीत, म्हणून महाराज जन्मलेच नाहीत' असे कोणी म्हणाले का? जी कसोटी आपल्या साधनांना लावताना हसू येईल, ती दुसऱ्याच्या ग्रंथाला का लावायची?

२०/
ज्यांनी ग्रंथ जपला त्यांना विसंगती दिसत नव्हत्या, हा आधुनिकांचा गैरसमज आहे. तालमूदात एक आख्यायिका येते. यहेज्केलाचे बोल मोशेच्या नियमशास्त्राशी जुळेनात, म्हणून तो ग्रंथ बाजूला पडणार होता. हनन्या नावाचा पंडित माडीवर बसला, त्याने ३०० बुधले तेल जाळले आणि मेळ घातला. तेलाचा हिशेब सोडा. विसंगती किती बोचत होती हे त्यातून कळते.

२१/
ख्रिस्ती परंपरेत तर सोपी वाट प्रत्यक्ष उपलब्ध होती. इ.स. १७० च्या सुमारास तातियान याने चारही शुभवर्तमाने वितळवून एकच सलग कथन रचले : 'दियातेस्सरोन'. वंशावळ्या जुळत नव्हत्या, त्या वगळल्या. सुरियाच्या मंडळ्यांत ते कित्येक पिढ्या वाचले गेले. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली.

२२/
नीट विचार करा. गुळगुळीत, विरोधमुक्त कथा हातात असताना चर्चने चार न जुळणारे आवाज निवडले. कारणे धर्मशास्त्रीय होती, सत्तेचीही होती. पण परिणाम असा की आज आपल्याला चार साक्षी मिळतात. तातियान जिंकला असता तर यादी करणाऱ्यांना यादी मिळाली नसती आणि इतिहासकारांना इतिहास.

२३/
मराठीचाही या गोष्टीशी जुना संबंध आहे. गोव्यात १६१६ साली छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात बायबलची कथा ओवीबद्ध, एकसंध पुराण होऊन आली. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झडले. एकोणिसाव्या शतकातील अशा वादांत एकमेकांच्या ग्रंथांतील दोष काढणे हे दोन्ही बाजूंचे नेहमीचे शस्त्र होते.

२४/
त्या वादांना धर्मांतराच्या भीतीची धार होती, हे समजू शकते. पण जवळपास पावणेदोनशे वर्षांनंतर, मूळ भाषांचे कोश आणि हस्तलिखितांची छायाचित्रे मोबाइलवर उपलब्ध असताना, आपणही तेच शस्त्र परजत बसणार असू तर अभ्यास कशाला म्हणायचे? आणि हे शस्त्र दुधारी आहे. आज जी यादी शेजाऱ्याच्या ग्रंथाची आहे, ती उद्या आपल्या पोथीची असेल. तेव्हा 'संदर्भ पाहा' म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे उरणार नाही.

२५/
शेवटी रूथचे पुस्तक. अनुवादाचा २३वा अध्याय सांगतो की मवाबी मनुष्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. नहेम्या याच नियमाचा आधार घेऊन परक्यांना वेगळे काढतो. आणि रूथची कथा शांतपणे सांगते की दावीद राजाची पणजी मवाबी होती.

२६/
याचा मेळ घालू नका. तसे केलेत तर त्या विधवेचा आवाज दाबला जाईल. याला 'चूक' म्हणून यादीतही टाकू नका. आपले कोण आणि परके कोण, यावर एक समाज स्वतःशी कडाडून भांडला आणि भांडणाच्या दोन्ही बाजू त्याने एकाच संग्रहात जपल्या. पुढची यादी तुमच्याकडे येईल तेव्हा पुढे ढकलण्यापूर्वी तिच्यातली फक्त एक जोडी घ्या, दोन्ही अध्याय पूर्ण वाचा आणि विचारा : हे दोघे कोणाशी बोलत होते?