दाखल्यापाशी अडलेला न्याय

मे १९९४ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात एका भिल्ल तरुणीला मारहाण करून विवस्त्र फिरविण्यात आले. सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये आरोपींना भारतीय दंडविधानासह अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही दोषी ठरविले. औरंगाबाद खंडपीठाने २०१० मध्ये दंडविधानाखालील दोषसिद्धी कायम ठेवली. दुसऱ्या कायद्यातून मात्र आरोपी सुटले. कारण, जातीचा दाखला सादर झाला नव्हता आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०११ रोजी आरोपींचे अपील फेटाळले. ही कारणे निव्वळ तांत्रिक असल्याचे मत न्यायालयाने नोंदविले. परंतु राज्य सरकारने त्या सुटकेविरुद्ध अपीलच केले नसल्याने तो प्रश्न तेथेच राहिला.

तपासी अधिकारी नेमणे, पुरावा मांडणे आणि अपील करणे ही तिन्ही कामे शासनाची होती. त्यातील उणिवांची किंमत मात्र पीडितेने मोजली. जळगाव, धुळे, नंदुरबारमधील भिल्ल वस्त्यांना हा निकाल परका नाही. जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या भूमिहीन कुटुंबाने तो कोठून आणावा? फिर्याद नोंदविताच दाखला मिळवून देण्याची जबाबदारी तपास यंत्रणेवर टाकल्याखेरीज या कायद्याचे संरक्षण कागदावरच राहील.