मीटर थांबतो, इंजिन नाही

तुमच्या बाईकचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं? पटकन सांगा. गुगल करायचं नाही, डिकीतली पावती शोधायची नाही. नाही ना आठवत? मलाही आठवत नव्हतं. जिमची मेंबरशिप कधी संपते, क्रेडिट कार्डाचं बिल कुठल्या तारखेला येतं, हे सगळं पाठ. पण जिच्यावर बसून रोज ऑफिस गाठायचं, तिच्या पोटात काय चाललंय याचा पत्ता नाही.

तर झालं असं, की जूनच्या एका सोमवारी, सकाळी पावणेदहाला, नळ स्टॉपच्या सिग्नलला माझ्या दीडशे सीसीच्या लाडकीने मान टाकली. आधी आठवडाभर टिकटिक आवाज येत होता. मी काय केलं? हेडफोनचा आवाज वाढवला. (हसू नका, तुम्हीही हेच करता.) त्या दिवशी आधी पिकअप गेला, मग एक करपल्यासारखा वास आला आणि मग काहीच नाही. किक पायाखाली दगडासारखी. मागून हॉर्नचा ऑर्केस्ट्रा.

मेकॅनिकने खालचा नट उघडला, ट्रे धरला आणि बराच वेळ वाट बघून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तेल कुठंय?" जिथे लिटरभर असायला हवं तिथून जेमतेम पाव लिटर काळा काढा निघाला. पिस्टन, रिंगा, बोअर, मजुरी, सगळं धरून बिल साडेअकरा हजार. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर तीन कव्हर स्टोऱ्या, त्याही वेळेवर पैसे मिळाले तर.

मला राग याचा आला, की मी तशी फार बेजबाबदार नव्हते हो! पुस्तकात पाच हजार किलोमीटरला ऑईल बदला असं लिहिलं होतं, माझे पाच हजार आठशे झाले होते. आठशेच्या उधारीवर कोणी एवढं व्याज लावतं का?

याचं उत्तर मला गॅरेजमध्ये नाही, रिक्षात मिळालं.

बाईक बारा दिवस गॅरेजमध्ये होती. कोथरूड ते कल्याणीनगर, रोजचे चौदा किलोमीटर, रिक्षाने. त्यात आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे एक काका ठरून गेले. पन्नाशीचे, मीटरवर येणारे (होय, असे असतात). त्यांच्या काचेवर गणपती, लिंबू-मिरची आणि त्यांच्या शेजारी रबरबँडने अडकवलेली एक छोटी वही. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, वहीत काय लिहिता? धंद्याचा हिशोब?

"धंद्याचाच. गाडीचा," ते म्हणाले आणि सिग्नलला गाडी बंद करून वही मागे दिली.

पानावर आखून कॉलम केलेले. तारीख, मीटरचा आकडा, तेल, फिल्टर, टॅपेट, ग्रीस, ब्रेक. शेवटच्या कॉलममध्ये दोन सह्या. आमच्या ऑफिसात कुणाची एक्सेल शीट एवढी नीट नसेल.

एक गोष्ट आपण विसरतो. रिक्षा म्हणजे छोटी कार नव्हे, ती तीन चाकांची मोटरसायकलच आहे. स्टिअरिंग नाही, हँडल. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर. तिचं खानदानच स्कूटरचं. इटलीत पियाज्जिओने व्हेस्पाला मागे दोन चाकं आणि माल ठेवायला हौदा जोडून १९४८ साली 'आपे' काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी, कामकरी! आपल्याकडे बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला १९५९ मध्ये, आणि इंजिन मागे असलेली रिक्षा आली १९७७ मध्ये. आता टांझानियात रिक्षाला 'बजाजी'च म्हणतात. आपल्या आकुर्डीचं नाव तिकडे सामान्यनाम होऊन बसलंय.

सांगायचा मुद्दा हा, की माझ्या बाईकच्या इंजिनाला जे लागतं, तेच त्या रिक्षाच्या इंजिनाला लागतं. फरक इतकाच, की काकांच्या इंजिनावर चार माणसांचं घर चालतं.

"तुम्ही किती किलोमीटरला तेल बदलता?" मी विचारलं.

"पाच हजारला. पण ताई, तुमचे पाच हजार आणि माझे पाच हजार वेगळे."

कसे? काकांची गाडी दिवसा ते चालवतात, रात्री शिफ्टवर दुसरा ड्रायव्हर. दोघांचे मिळून दिवसाला दोनशेच्या आसपास होतात. म्हणजे पाच हजार पंचवीस दिवसांत. त्यांचं तेल कधी थंड पडून राहतच नाही. माझे पाच हजार व्हायला सात-आठ महिने लागतात. त्यात निम्म्या वेळा मी दूध आणायला नाहीतर मैत्रिणीकडे जाते, दोन किलोमीटर. इंजिन धड तापतही नाही, आत जमलेली वाफ आणि न जळालेलं पेट्रोल उडून जात नाही, ते तेलातच मिसळतं. म्हणून तर पुस्तकात किलोमीटरच्या पुढे 'किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. मी ते 'किंवा' कधी वाचलंच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट, जी ऐकून मी रिक्षातच मोबाईल काढून भागाकार केला. ट्रॅफिकमध्ये उभं असताना मीटर थांबतो, इंजिन नाही. माझ्या चौदा किलोमीटरला चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे ताशी एकवीस. या वेगाने तीन हजार किलोमीटर करायला इंजिन १४३ तास चालतं. तेच तीन हजार हायवेवर ताशी साठने केले तर पन्नास तास. मीटरवर आकडा एकच, मेहनत जवळजवळ तिप्पट! अप्रेझलच्या वेळी हे गणित आपल्याला बरोबर समजतं, की ऑफिसात बसलेले तास आणि फायलीत दिसलेलं काम यांत फरक असतो. बाईकच्या बाबतीत मात्र आपण बॉससारखे वागतो.

आता त्या दोन सह्यांची गोष्ट. काका ती सांगायला तयार नव्हते, दोन दिवस टाळलं त्यांनी. त्यांची पहिली रिक्षा टू-स्ट्रोक होती. त्या इंजिनात तेल पेट्रोलबरोबर मिसळून जळायचं आणि मागून निळा धूर होऊन निघून जायचं. इंजिनातलं तेल बदलणं हा प्रकारच नव्हता, टाकत राहायचं एवढंच. मग फोर-स्ट्रोक घेतली, सीएनजीवाली, कर्ज काढून. या इंजिनात तेल आतच फिरतं, आतच थकतं. पण जुनी सवय. त्यात सीएनजीला काजळी कमी, त्यामुळे तेल लवकर काळंही पडत नाही. काडी काढून बघावं तर सोनेरी, आणि माणूस म्हणतो, अजून चांगलंय की! प्रत्यक्षात उष्णतेने ते जाड होत, मरत चाललेलं असतं.

त्यातच एक सील गळायला लागलं. थेंब थेंब. रात्रीच्या ड्रायव्हरने काडी पाहिली नाही. "आणि मीही विचारलं नाही," काका म्हणाले. पहाटे दोनला स्टेशनजवळ इंजिन जाम. नऊ दिवस गाडी उभी. बँकेचा हप्ता उभा राहिला नाही, तो त्याच्या तारखेला आला. त्याच आठवड्यात मुलीची डिप्लोमाची फी भरायची होती. बायकोची पाटली सोनाराकडे गेली.

"परत आणली?" मी विचारलं.

"आणली. दीड वर्षानं."

तेव्हापासून नियम आहे. संध्याकाळी किल्ली देताना दोघांनी मिळून काडी बघायची, मीटर लिहायचा, दोघांनी सही करायची. ड्रायव्हरवर अविश्वास म्हणून नाही. "दोघांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, असं होतं ना," म्हणाले. मी माझ्या मागच्या तीन ग्रुप प्रोजेक्टबद्दल विचार करत गप्प बसले.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या तेलबदलाला हजर राहिले. हो, वीकेंडला! ब्रंच सोडून! आधी त्यांनी पाच मिनिटं इंजिन चालवलं. गरम तेल पातळ होतं, सगळी घाण घेऊन खाली येतं. थंड काढलं तर निम्मी तळाशीच बसते. गाडी सपाट जागी, खाली ट्रे, आधी वरचं झाकण सैल, मग खालचा नट. तेल निथळेपर्यंत चहा. घाई नाही.

मग फिल्टर. कागदाच्या घड्या घातलेली एक छोटी गुंडाळी. जुना हातात घेतला तर चिकट, जड, आणि घड्यांत बोटाला न जाणवणारी चकाकी, धातूची. फिल्टर तुंबला की इंजिन उपाशी राहू नये म्हणून बहुतेक इंजिनांत पळवाट ठेवलेली असते. तेल मग न गाळताच फिरायला लागतं आणि आपल्याला काहीही कळत नाही. बरेच जण तेल नवं टाकतात आणि फिल्टर 'पुढच्या वेळी बघू' म्हणतात. काकांना याची भयंकर चीड आहे. "आंघोळ करून परत घामेजलेला बनियन घालणार का?" फिल्टरची किंमत म्हणाल तर एका मिसळीएवढी, एक्स्ट्रा पावासकट.

बारीकसारीक गोष्टीच खऱ्या महत्त्वाच्या, असं बघताना लक्षात आलं. नटाखालचा वॉशर नवा. फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंग नवी आणि तिला बोटाने थोडं तेल. काही फिल्टरवर बाहेरची बाजू कुठली ते छापलेलं असतं, उलटा बसला तर तेलाची वाटच बंद. आणि नट आवळताना पैलवानकी नाही. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की काम वाढलं. तेल भरून इंजिन मिनिटभर चालवायचं, बंद करायचं, थोडं थांबून मग काडी बघायची. जाता जाता टॅपेटचं गॅपही तपासलं. सीएनजीवर व्हॉल्व्ह लवकर बसतात, गॅप कमी होतं, आणि सैल टॅपेट निदान टिकटिक करून ओरडतं तरी, घट्ट झालेलं गप्प राहतं.

बाईक परत आल्यावर पहिलं सर्व्हिसिंग मी मेकॅनिकच्या देखरेखीखाली स्वतः केलं. नखांची वाट लागली, पण केलं. एक चूक होता होता राहिली. घरात बाबांच्या कारचं महागडं सिंथेटिक उरलं होतं, तेच घेऊन गेले होते. मेकॅनिकने डबा परत दिला. बाईकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारच्या तेलातल्या जास्तीच्या गुळगुळीत मसाल्याने तो घसरायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए टू' लिहिलंय का बघायचं आणि पुस्तकात सांगितलेला ग्रेडच घ्यायचा. ऑटोमॅटिक स्कूटरवाल्या मैत्रिणींनो, तुमचं प्रकरण वेगळं. क्लच कोरडा, गिअरचं तेल निराळं आणि ते बदलायचं गॅरेजवाले सर्रास विसरतात. कित्येक स्कूटर्समध्ये कागदी फिल्टरच नसतो, नुसती धुवायची जाळी असते. ती धुतली का, एवढं विचारा. ज्यांनी इलेक्ट्रिक घेतलीय ते हा कॉलम वाचून मनात हसत असतील. हसा. ब्रेक पॅड आणि टायर तुम्हालाही आहेत.

आता माझ्याही डिकीत वही आहे. दर तीन हजारला किंवा चार महिन्यांनी तेल आणि फिल्टर, दर पंधरवड्याला काचेतून पातळी. पुस्तकापेक्षा लवकर, हे मान्य, पण पुस्तक लिहिणाऱ्याने कर्वे रोड पाहिला नसावा. परवा स्टँडवर काकांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "सहीचा कॉलम रिकामा आहे." मी म्हटलं, मी एकटीच चालवते. तरी करा म्हणाले.

काढलेलं जुनं तेल एका लिटरच्या बाटलीत आमच्या बाल्कनीत आहे. ते गटारात ओतायचं नसतं, ते थेट नदीत जातं. गॅरेजमधून जुन्या तेलाचा ड्रम न्यायला माणूस मंगळवारी येतो, त्याच्याकडे द्यायचंय. तोवर आईने बाटलीवर स्केचपेनने ठळक लिहून ठेवलंय, 'फोडणीचे नाही'.