गरम पाण्याचा झोत आणि श्रावकाची जयणा

मालवाहू टेम्पो, भुसाराचे गोदाम, मिठाईचा कारखाना, दूध संकलन केंद्र, वाहनांची सर्व्हिसिंग. अहिल्यानगर जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांचा तेल, तूप, ग्रीस आणि चिखल यांच्याशी रोजचाच संबंध येतो. अशा ठिकाणी चाकांवर ढकलत हवा तिथे नेता येणारा गरम पाण्याचा प्रेशर वॉशर घ्यावा, असा विचार निघाला की घरात बहुधा दोन मते पडतात. मुलगा म्हणतो, ‘बापूजी, तासाचे काम दहा मिनिटांत होईल, माणसांचे हात सोलवटणार नाहीत.’ वडील विचारतात, ‘डिझेल जाळून इतके पाणी तापवायचे आणि गटारात सोडायचे, हे श्रावकाच्या घराला शोभते का?’ दोघांचेही म्हणणे खरे आहे. त्याचे उत्तर मात्र यंत्राच्या किमतीत नसून त्याच्या वापरात आहे.

प्रथम यंत्र समजून घ्यावे. युरोपातील पहिला गरम पाण्याचा उच्चदाब वॉशर जर्मनीतील आल्फ्रेड कार्चर यांच्या कारखान्यात 1950 साली तयार झाला. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. पंप पाण्याला शंभर बार किंवा त्याहून अधिक दाब देतो. बर्नरच्या ज्योतीभोवती लोखंडी नळीचे वेटोळे, म्हणजे कॉइल, असते. तिच्यातून जाताना पाणी तापते आणि बारीक नोझलमधून झोताने बाहेर पडते. दाब मळ उचकटतो आणि उष्णता चिकटपणा सोडवते. थिजलेले तूप थंड पाण्याने केवळ इकडचे तिकडे होते. गरम पाण्याने ते वितळून वाहून जाते. त्यामुळे साबण, सोडा आणि तीव्र रसायनेही कमी लागतात.

आता हिशेब. मध्यम आकाराचे यंत्र मिनिटाला सुमारे 10 लिटर, म्हणजे अखंड चालल्यास तासाला 600 लिटर पाणी घेते. हे पाणी 25 अंशांवरून 75 अंशांवर न्यायचे, तर सुमारे 35 किलोवॅट उष्णता लागते. घरातला गिझर दोन-तीन किलोवॅटचा असतो, हे ध्यानात घेतले की यंत्राला डिझेलचा बर्नर का लागतो ते कळते. याचा अर्थ तासाला सुमारे चार लिटर डिझेल. उलट बाजूही पाहावी. नळाला लावलेली साधी रबरी नळी मिनिटाला किती पाणी सोडते, हे ज्याने त्याने बादली आणि घड्याळ घेऊन आपल्याच अंगणात मोजावे. बहुतेक ठिकाणी ती यंत्रापेक्षा अधिक पाणी ओतते आणि कामाला वेळही जास्त लागतो. शिवाय यंत्राची गन सोडली की झोत थांबतो. नळी मात्र मालक फोनवर बोलत असतानाही वाहत राहते.

हा हिशेब श्रावकाला का करावा लागतो? जैन दर्शनात पाणी ही निर्जीव वस्तू नाही. अप्कायाचे जीव पाण्याच्या रूपातच जगतात. अग्नी पेटविला की तेउकायाची विराधना होते. उकळलेले पाणी अचित्त होते, म्हणून ते साधू-साध्वींना आणि तपस्व्यांना चालते. परंतु त्यावरून ‘गरम पाणी वापरले म्हणजे दोष टळला’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. ते पाणी आपल्यासाठी तापविले गेले, तेव्हा पाणी आणि अग्नी दोहोंचे ऋण आपल्या खाती लिहिले गेले. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनाही मान्य आहे. त्यांनी गृहस्थापुढे अनर्थदंड विरमण व्रत ठेवले. प्रयोजनाशिवाय माती खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे हे प्रमादाचरण होय. यंत्राची कसोटी याच ठिकाणी लागते. तुपाने माखलेली कढई गरम झोताने धुणे सप्रयोजन आहे. केवळ धूळ बसलेल्या टेम्पोवर बर्नर पेटविणे हा अनर्थदंड आहे; कारण धूळ आणि माती थंड पाण्यानेही निघते, आणि त्याआधी कोरड्या झाडूने निम्मे काम होते.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा व्यापारी कुटुंबांना नवी नाही. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ अपार धनाचा आणि हजारो गाईंचा धनी होता. भगवान महावीरांजवळ व्रते घेताना त्याने व्यापार सोडला नाही, पण प्रत्येक वस्तूची मर्यादा बांधली. त्यात स्नानाच्या पाण्याचे घडेही मोजलेले होते. ज्याच्या दारी काही कमी नाही, त्याने पाणी मोजावे, हे त्या कथेचे मर्म. ‘आम्ही टँकरचे पैसे भरतो’ असे म्हणणाऱ्याने हे आठवावे. पैसे भरल्याने पाण्यावर मालकी येत असेल, मर्यादा सुटत नाही.

या जिल्ह्याला तर ही मर्यादा निसर्गानेच शिकविली आहे. अकोल्याच्या घाटमाथ्यावर धो-धो पाऊस कोसळतो, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नगर शहराची तहान राहुरीजवळच्या मुळा धरणावर भागते. नगर तालुक्यातीलच हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाणी किती आहे हे पाहून पिके ठरतात. वही-खात्यात वाढलेल्या समाजाला ही भाषा सहज समजावी. प्रेशर वॉशर असलेल्या प्रत्येक पेढीने रोज किती मिनिटे गन चालली, याची एका ओळीची नोंद ठेवावी. दहाने गुणले की लिटर निघतात. महिनाअखेरीस तो आकडा कुटुंबाने एकत्र बसून पाहावा.

वापरातील जयणा आणि यंत्राचे आयुष्य यांचा मार्ग बहुतांशी एकच आहे, हेही लक्षात येईल. घरातील आजी नळाला दुहेरी कापडाचे गाळणे बांधते, ते त्रस जीवांच्या रक्षणासाठी. यंत्रालाही गाळलेलेच पाणी हवे असते. रेती किंवा गाळ गेला की पंपाचे व्हॉल्व्ह खराब होतात. विहिरीचे किंवा हौदाचे पाणी गाळले, तर जिवाणी त्याच विहिरीत वा हौदात अलगद परत सोडावी. बोअरचे पाणी जड असेल, तर कॉइलमध्ये क्षारांचा थर साचतो. मग तेच पाणी तापवायला अधिक डिझेल जळते. म्हणून थर काढण्याचे काम वेळेवर करावे. दुधाचे कॅन आधी कोमट पाण्याने विसळावेत आणि मगच गरम पाणी घ्यावे. पहिलाच झोत कडक गरम मारला, तर दुधातील प्रथिने भांड्याला चिकटून बसतात आणि दुप्पट पाणी लागते. काम संपल्यावर बर्नर बंद करून दोन-तीन मिनिटे थंड पाणी फिरवावे, मग दाब सोडावा. बर्नर बंद खोलीत कधीही चालवू नये, त्याचा धूर प्राणघातक ठरतो. जोडणीला अर्थिंग पक्के असावे. झोत माणसाच्या किंवा जनावराच्या अंगावर कदापि रोखू नये. इतक्या दाबाचे पाणी कातडी भेदून आत शिरते. चालविणारा कामगार अनवाणी नसावा. त्याला बूट, हातमोजे आणि चष्मा देणे हाही अहिंसेचाच भाग आहे.

एका बाबतीत मात्र तडजोड नसावी. मोरीतील झुरळे, भिंतीतील मुंग्या, गोदामातील कीड गरम झोताने ‘साफ’ करण्याचा मोह होतो. ही उद्योगी हिंसा नव्हे, संकल्पी हिंसा आहे, आणि श्रावकाच्या पहिल्याच अणुव्रताने तिला बंदी केली आहे. म्हणून गन हाती घेण्यापूर्वी जागा डोळ्यांनी न्याहाळावी, मऊ झाडूने प्रमार्जन करावे, जीव दिसल्यास बाजूला करावेत. धुण्याचे काम दिवसाउजेडी उरकावे. रात्री दिव्याभोवती कीटक जमतात आणि जमिनीवरचे दिसत नाहीत. कढत पाणी थेट मातीत किंवा गटारात न सोडता आधी टाकीत निवू द्यावे. तेलाचा तवंग वेगळा काढला, की थंड झालेले पाणी पुढच्या पहिल्या धुण्याला उपयोगी पडते.

बापूजींचा प्रश्न आणि मुलाची घाई यांचा मेळ असा बसतो. यंत्र घ्यायचे की नाही, हे गरज पाहून ठरवावे. महिन्यातून दोनदाच काम असेल, तर शेजारच्या पेढीशी भागीदारीत घेणे हे अपरिग्रहालाही धरून आणि व्यवहारालाही धरून. एकदा घेतले, की बर्नरचे बटण दाबण्याआधी एक क्षण थांबून विचारावे, ‘हे झाडूने निघेल का? थंड पाण्याने निघेल का?’ दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तरच ज्योत पेटवावी. त्या एका क्षणाच्या विचारालाच आपल्या परंपरेत जयणा म्हणतात.